पंचांनी काय पाहिलं?



आयोजकांनी मला ज्ञानमीमांसेवर बोला असं सांगितलं होतं. मी म्हटलं, बोलतो, पण उदाहरण फुटबॉलच्या मैदानावरचं घेतो. ते जरा गप्प झाले. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं पेनल्टी आणि ऑफसाइडवर बोलावं हे त्यांना पटलं नसावं. पण 'मला हे कळलं, ते कशावरून?' हा प्रश्न वर्गात विचारला की पोरं जांभया देतात. तोच प्रश्न मैदानावर आला की पन्नास हजार माणसं उभी राहून ओरडतात. ज्ञानमीमांसेला एवढा श्रोतृवर्ग दुसरीकडे कुठे मिळायचा?

सुरुवात दोह्यापासून करू. ११ जून २०२४. विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेची दुसरी फेरी, भारताचा शेवटचा सामना कतारशी. पाच दिवस आधी कोलकात्यात कुवेतविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली होती आणि सुनील छेत्रीनं निरोप घेतला होता. आता त्याच्याशिवायचा संघ. ३७व्या मिनिटाला लालियनझुआला छांगटेनं गोल केला. छांगटे मिझोरामचा, पण खेळायचा मुंबई सिटीकडून, म्हणून त्या गोलात आपणही थोडा वाटा धरू. भारत एक-शून्यनं पुढे. असाच सामना संपता तर भारत पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत जाणार होता.

७३व्या मिनिटाला कतारला फ्री किक मिळाली. युसूफ आयमेननं डोक्यानं चेंडू गोलाकडे मारला, गुरप्रीतसिंग संधूनं तो अडवला आणि चेंडू त्याच्या अंगाखालून सरकत गोलखांबाच्या बाजूनं रेषेबाहेर गेला. बाहेर म्हणजे चांगलाच बाहेर. भारताचे खेळाडू थांबले, कारण चेंडू बाहेर गेला की खेळ थांबतो हे शाळेतलं पोरही जाणतं. कतारच्या एका खेळाडूनं मात्र बाहेर गेलेला चेंडू पायानं आत ओढला, आयमेननं तो जाळ्यात मारला. कोरियन पंचांनी गोल दिला. आपल्या खेळाडूंनी त्यांना घेरलं, हातवारे केले. त्यांनी सहायकाशी बोलून घेतलं आणि निर्णय कायम ठेवला. पुढं ८५व्या मिनिटाला कतारनं आणखी एक गोल केला. आपण २-१ नं हरलो. त्याच दिवशी कुवेतनं अफगाणिस्तानला हरवलं आणि आपली जागा घेतली.

त्या फेरीत व्हिडिओ तपासणीची, म्हणजे ज्याला आता सगळेच 'व्हीएआर' म्हणतात तिची, सोय नव्हती. भारतीय महासंघानं तक्रार केली. निकाल काही बदलला नाही.

आता याच्यापुढे दुसरं चित्र ठेवा. १ डिसेंबर २०२२, विश्वचषक, आणि मैदान त्याच दोह्याच्या परिसरातलं. जपान विरुद्ध स्पेन. जपानच्या मितोमानं गोलरेषेवरून निसटणारा चेंडू कसाबसा आत ढकलला, तानाकानं गोल केला. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर चेंडू बाहेर गेलेला. मैदानावर आधी गोल नाकारलाच गेला. मग व्हिडिओ तपासला. फुटबॉलचा नियम असा की चेंडू 'पूर्ण' रेषेच्या 'पूर्ण' पलीकडे गेला पाहिजे. वरून पाहिलं तर चेंडूच्या गोलाईचा दोन मिलिमीटरपेक्षाही कमी भाग रेषेवर झुकलेला होता. म्हणजे चेंडू खेळात. गोल धरला गेला, जपान जिंकलं, आणि त्या निकालामुळे तिकडे दुसऱ्या मैदानात कोस्टारिकाला हरवूनही जर्मनी घरी गेली.

एकाच गावाची दोन मैदानं. एकीकडे दोन मिलिमीटर दिसले. दुसरीकडे, दीड वर्षानं, उभ्या जगाला दिसलेलं पंचांना दिसलं नाही. आमच्या घरी नातू म्हणाला, "आजोबा, ही चीटिंग आहे." मी म्हटलं, चीटिंग म्हणायला त्या माणसानं ते पाहिलेलं असलं पाहिजे. पाहूनही नाही म्हटलं तर लबाडी. पाहिलंच नाही तर ते वेगळं. नातवाला हा फरक पटला नाही. मला स्वतःला तो पटायला बरीच वर्षं लागली. त्यामागं एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगतो.

आधी 'पंच' या शब्दाकडे बघू. इंग्रजांनी खेळ आणला, त्यांचा 'रेफरी' आला, आपण त्याला एका क्षणात आपला जुना शब्द देऊन टाकला. पंच म्हणजे पाच. गावच्या तंट्यात बसणारे पाच. खेळात एकटाच माणूस शिट्टी घेऊन उभा असतो, तरी आपण त्याला पाचांचं नाव देतो आणि आदरार्थी बोलतो. पोलिसांचा पंचनामा तोच. 'मी पाहिलं' असं एकानं म्हणून चालत नाही, पाचांसमोर पाहिलं गेलं पाहिजे, ही त्या शब्दामागची समजूत.

मराठा अमदानीत तंटा गोतसभेपुढे, मजलशीपुढे जायचा. निवाडा झाला की महजर लिहायचा. कोण कोण हजर होतं ते त्यात नमूद, खाली त्यांच्या निशाण्या. नांगर, कट्यार, तराजू, ज्याचा जो व्यवसाय त्याची ती निशाणी. म्हणजे निवाड्याचं बळ नुसतं निवाडा बरोबर असण्यात नव्हतं, तो कुणाकुणाच्या देखत झाला यात होतं. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननं आपल्या अहवालात या पंचायतींवर पुष्कळ लिहिलं. त्यांचा वेळकाढूपणा त्यानं सांगितला, पण ही पद्धत मोडू नये असंही त्याचं मत होतं.

आणि जिथे पंचांनाही उलगडा होईना, तिथं काय करायचे? दिव्य. साक्षी फुटलेल्या, कागद नाहीत, दोन्ही बाजू शपथेवर सांगतात. मग रवा दिव्य. कढत तुपातेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची, काही दिवसांनी सर्वांसमक्ष मोहोर फोडून हात पाहायचा. आपण आज हसतो. पण त्यात पंच काय करत होते ते बघा. 'आम्हाला कळत नाही' हे कबूल करून संशय स्वतःच्या हातून काढून दुसऱ्या कशाच्या तरी हवाली करत होते. मैदानावरचा पंच जेव्हा हवेत बोटांनी चौकोन काढतो तेव्हा तो हेच करतो. फरक एवढाच की कढत तेलाला मैदानावर काय झालं ते माहीत नसतं आणि कॅमेऱ्याला माहीत असतं. निदान आपण तसं मानतो.

आता फुटबॉलचा पंच. सुरुवातीला इंग्लंडात पंचच नव्हता. दोन कप्तान आपसांत मिटवायचे. सभ्य घरच्या मुलांचा खेळ, त्यात कुणी मुद्दाम वावगं करणार नाही असं गृहीत. मग प्रत्येक संघाचा एकेक अंपायर आला. दोघांचं जमेना, तेव्हा बाहेर बसलेल्या तिसऱ्याकडे वाद सोपवायचे. ज्याच्याकडे 'रेफर' करायचं तो रेफरी. १८९१ मध्ये हा तिसरा माणूस मैदानात आला आणि ते दोघे कडेला जाऊन लाइन्समन झाले. त्याच वर्षी पेनल्टी किकचा नियम झाला. तो सुचवला होता आयर्लंडच्या विल्यम मॅकक्रम नावाच्या माणसानं, जो स्वतः गोलरक्षक होता! पुष्कळ सभ्य गृहस्थांना हा नियम अपमान वाटला. आम्ही मुद्दाम आडवं पाडू असं तुम्ही समजता की काय?

तेव्हा 'पंचाचा निर्णय अंतिम' हे तत्त्व देवानं दिलेलं नाही. आपसांतला विश्वास जसा आटत गेला तसा पंच मैदानाच्या आत आत येत गेला. हे लक्षात ठेवलं तर पुढचा कॅमेऱ्याचा इतिहास वेगळा दिसतो.

त्या इतिहासाची सुरुवात फुटबॉलमध्ये नाही, क्रिकेटमध्ये आहे. आणि सुरुवातीलाच आपला मराठी माणूस उभा आहे.

१४ नोव्हेंबर १९९२, डर्बन, किंग्समीड. दक्षिण आफ्रिका बावीस वर्षांच्या बहिष्कारानंतर पहिल्यांदा घरी कसोटी खेळत होती आणि पाहुणे आपण होतो. या मालिकेत एक नवा प्रयोग होता, धावबादासारखे निर्णय पडद्यावर पाहून द्यायचे. दुसऱ्या दिवशी सचिन तेंडुलकर ११ धावांवर होता. धावेसाठी निघाला, परत फिरला. जॉन्टी ऱ्होड्सची फेक, अँड्र्यू हडसननं यष्ट्या उडवल्या. पंच सिरिल मिचली यांनी हवेत चौकोन काढला. आत पडद्यासमोर बसले होते कार्ल लिबेनबर्ग. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, बाद. मैदानाबाहेर बसलेल्या माणसानं पडद्यावर पाहून आंतरराष्ट्रीय सामन्यात बाद दिलेला पहिला फलंदाज, बांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला, वय वर्षे एकोणीस.

सचिनच्या चाहत्यांना ही गोष्ट पाठ असते. पुढची गोष्ट फारशी कुणाला आठवत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. त्याच मालिकेतली दुसरी कसोटी, जोहान्सबर्ग. आता धावबादाचं अपील जॉन्टी ऱ्होड्सविरुद्ध. पंच स्टीव्ह बकनर. यंत्र तयार, पडदा तयार, आत माणूस बसलेला. बकनर यांनी ते मागितलंच नाही. नाबाद दिलं. पडद्यावर दिसलं की ऱ्होड्स बाद होता. तो पुढे ९१ धावा करून गेला.

म्हणजे पहिल्या महिन्यातच उघड झालं होतं की डोळा मिळाला म्हणून प्रश्न सुटत नाही. डोळ्याला विचारायचं की नाही, हे ठरवणारं माणूसच आहे. आणि माणूस कधी विचारतो? त्याला संशय आला तर. न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत 'संशय' हा एक स्वतंत्र पदार्थ आहे आणि 'निर्णय' हाही. संशयाशिवाय निर्णयाकडे वाटच जात नाही. बकनर यांना संशय आला नव्हता. त्यांना ऱ्होड्स नाबाद 'दिसला' होता. दोह्याच्या पंचांनाही गोल 'दिसला' असणार. चुकीचं ज्ञान होताना ते चुकीचं वाटत नाही, हीच तर त्यातली गोम! दोरी साप दिसते तेव्हा सापच दिसतो, 'बहुधा दोरी असलेला साप' दिसत नाही. (याच सोळा पदार्थांत जल्प आणि वितंडा हेही आहेत. सामन्यानंतर टीव्हीवर जे चालतं ते त्यांत बसतं.)

बरं, त्याच तेंडुलकरला ३० मार्च २०११ रोजी मोहालीत, पाकिस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, पायचीत दिलं गेलं होतं. २३ धावांवर. त्यानं तपासणी मागितली, यंत्रानं चेंडू यष्टीबाहेर दाखवला, निर्णय फिरला आणि तो ८५ करून गेला. आणि तरी आपलं क्रिकेट मंडळ त्या यंत्रणेवर पुढची पाच वर्षं नाक मुरडत होतं. २०१६ च्या इंग्लंड मालिकेपासून आपण ती नीट स्वीकारली.

क्रिकेटमध्ये यंत्राआधी एक पायरी झाली होती, तीही सांगतो. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज खेळत होते आणि पंच होते दोन भारतीय, मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. इम्रान खानचा हा आग्रह. घरचे पंच घरच्यांना झुकतं माप देतात ही ओरड जगभर होती, त्यावरचा हा तोडगा. पाकिस्तानात सामना आणि विश्वास भारतीयांवर! म्हणजे पंच 'कोण' आहे हा प्रश्न आधी आला. पंचाला 'काय दिसलं' हा नंतर.

फुटबॉलनं मात्र कॅमेऱ्याला पंचवीस वर्षं दाराबाहेर ठेवलं. कारण सरळ आहे. क्रिकेट दर चेंडूला थांबतं. थांबलेल्या खेळात पडदा बघायला जागा असते. फुटबॉल वाहतं असतं. पेनल्टी नाकारली आणि तीस सेकंदांनी तिकडे दुसऱ्या टोकाला गोल झाला, मग तुम्ही पडदा बघून काय करणार? तो गोल पुसणार? आज अगदी तसंच करतात, पण ते पचायला एक पिढी जावी लागली.

त्या पिढीला जाग आणणारे चेंडू तीन. पहिला ३० जुलै १९६६ चा, वेम्बली, विश्वचषकाची अंतिम लढत. जॉफ हर्स्टचा फटका आडव्या दांडीला लागून खाली आदळला. रेषेच्या आत की बाहेर? स्विस पंच डिन्स्ट धावत लाइन्समनकडे गेले. ते तोफिक बहरामोव, सोव्हिएत संघातले, मूळचे अझरबैजानचे. त्यांनी मान हलवली. गोल. इंग्लंडनं सामना ४-२ नं जिंकला. बहरामोव यांना जग 'रशियन लाइन्समन' म्हणत राहिलं, त्यांच्या देशानं बाकूच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. चेंडू आत होता की नाही यावर जर्मन आणि इंग्रज अजून भांडतात. त्याच स्पर्धेत इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचांनी रातीन नावाच्या कप्तानाला बाहेर काढलं, तो जाईना, कारण त्याला जर्मन येईना आणि पंचाला स्पॅनिश. त्या गोंधळातून केन ॲस्टन यांना सिग्नलचे रंग आठवले आणि १९७० पासून पिवळं-लाल कार्ड आलं. निर्णय चूक की बरोबर हे पुढचं, तो आधी कळला तर पाहिजे.

दुसरा चेंडू मॅराडोनाच्या हाताचा, १९८६. तो सगळ्यांना माहीत आहे, मी पुढे जातो.

तिसरा २७ जून २०१० चा, ब्लूमफॉन्टेन. इंग्लंडच्या लँपार्डचा फटका दांडीला लागून रेषेच्या आत, अगदी हातभर म्हणावं इतका आत, पडून बाहेर आला. उरुग्वेच्या पंचांनी खेळ चालू ठेवला. मैदानावरच्या हजारोंनी पाहिलं, घरोघरी कोट्यवधींनी पाहिलं. निर्णय देणाऱ्या माणसानं तेवढं पाहिलं नाही. जर्मनीनं पुढे ४-१ नं सामना घेतला. जर्मन लोकांनी हिशेब फिटला म्हटलं असेल. पण फिफाचे अध्यक्ष ब्लॅटर यांना इंग्लंडची माफी मागावी लागली, आणि दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, गोलरेषेच्या तंत्राला मान्यता मिळाली. २०१८ च्या मार्चमध्ये व्हिडिओ तपासणी नियमांत आली, त्याच वर्षी रशियात विश्वचषकात वापरली गेली.

इथं एक बारीक गोष्ट नीट बघा. गोलरेषेचं तंत्र आणि व्हिडिओ तपासणी या दोन जातीच्या गोष्टी आहेत. पहिलं तंत्र पंचाच्या घड्याळाला सांगतं की चेंडू आत गेला. तिथं मत नाही. दुसरीत पंच चित्र पाहतो आणि ठरवतो. शिवाय ती सगळ्याला नाही. नियमांत आली तेव्हा गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला शिक्षा, एवढ्यांनाच होती. आणि तिथंही 'ढळढळीत' चूक असेल तरच निर्णय फिरवायचा. आता मला सांगा, ढळढळीत म्हणजे किती? ते मोजणारं यंत्र कुठाय?

१५ जुलै २०१८, मॉस्को, फ्रान्स-क्रोएशिया अंतिम सामना. चेंडू पेरिसिचच्या हाताला लागला. लागला यात वाद नाही, सगळ्या कोनांतून लागलेला दिसतो. प्रश्न हात मुद्दाम होता का, हात तिथं असायला हवा होता का, हा. अर्जेंटिनाचे पंच पिताना पडद्याजवळ गेले. पाहिलं. निघाले. पुन्हा मागे वळले, पुन्हा पाहिलं. मग पेनल्टी दिली. तो मागे वळण्याचा क्षण मला त्या सगळ्या स्पर्धेतला सर्वात प्रामाणिक क्षण वाटतो. चित्र तेच होतं. दुसऱ्यांदा पाहून त्यात काही नवीन येणार नव्हतं. ते चित्रात हेतू शोधत होते. आणि हेतू चित्रात नसतो. संथ गतीनं दाखवलं की हाताची प्रत्येक हालचाल ठरवून केल्यासारखी भासते, ही आणखी एक पंचाईत.

हे आपल्याकडेही येऊन गेलं, फक्त आपलं लक्ष नव्हतं. ६ फेब्रुवारी २०२२, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मैदान, महिलांच्या आशियाई चषकाची अंतिम लढत, चीन आणि दक्षिण कोरिया. पूर्वार्धाच्या अगदी शेवटी चेंडू चीनच्या खेळाडूच्या हाताला लागला, व्हिडिओ तपासून पेनल्टी दिली गेली, जी सो-युननं गोल केला, कोरिया २-०. तिथून चीननं तीन गोल करून ३-२ नं चषक नेला. असा सामना आपल्या दारात झाला आणि कुणी पाहिला नाही, कारण त्याच सकाळी लताबाई गेल्या होत्या. संध्याकाळी सारा महाराष्ट्र शिवाजी पार्ककडे डोळे लावून होता. भारताच्या मुली तर त्याआधीच, करोनामुळे संघच उभा राहू न शकल्यानं, स्पर्धेबाहेर गेल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही याच मैदानावर संपला, तिथंही व्हिडिओ तपासणी होती. तेव्हा 'आपल्याकडे हे तंत्र यायचंय' असं जे म्हणतात ते अर्धंच खरं. येऊन गेलं. राहिलं नाही, कारण ते महाग आहे. प्रत्येक मैदानावर इतके कॅमेरे, इतकी प्रशिक्षित माणसं लागतात. दोन मिलिमीटर दिसायला पैसे पडतात. पात्रता फेरीत खेळणाऱ्या देशांना मोठ्या डोळ्यांनीच काम भागवावं लागतं.

आता कबड्डी. विदर्भात बोलतोय आणि कबड्डी काढली नाही तर मला घरी जाऊ देणार नाहीत. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं जगाला कबड्डी करून दाखवली. तिथपासून निघून ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझौमध्ये या. आशियाई क्रीडा स्पर्धा, पुरुषांचा अंतिम सामना, भारत-इराण. आपल्या संघात नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता, नाशिकचा आकाश शिंदे होता. शेवटचं मिनिट राहिलेलं, गुण २८-२८. पवन सेहरावतची चढाई. तो बाहेर गेला, इराणचे बचावपटू त्याच्या मागे बाहेर गेले. कुणाला किती गुण? पंचांनी एक निर्णय दिला. तपासणी झाली. दुसरा दिला. मग तिसरा. एकदा हा संघ मॅटवर बसून राहिला, एकदा तो. सुमारे तासभर खेळ बंद. शेवटी भारत ३३-२९.

या प्रसंगात पडद्यावर सगळ्यांना सगळं दिसत होतं! कोण कधी बाहेर गेला, कुणाचा पाय कुठं होता, कशावरच वाद नव्हता. वाद होता, या प्रसंगाला कोणता नियम लागतो यावर. प्रत्यक्ष प्रमाण पूर्ण होतं आणि तरी निर्णय होईना. कॅमेरा 'काय झालं' ते सांगतो. 'जे झालं त्याला काय म्हणायचं' हे तो सांगत नाही. वकील मंडळी समोर बसली आहेत, त्यांना हे नवीन नाही. त्यांचा निम्मा व्यवसाय त्यावर चालतो.

आणि कॅमेऱ्याकडे जाऊच दिलं नाही की काय होतं तेही आपण पाहिलं. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची लढत. एक पैलवान चितपट झाला असा निर्णय. त्याचं म्हणणं, माझे खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ पाहा. पाहिला गेला नाही. त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन कुणीच करणार नाही, मीही नाही. पण तांबड्या मातीत कुस्ती व्हायची तेव्हा चहूबाजूंनी गाव बसलेलं असायचं. पाठ टेकली की नाही हे चारी बाजूंनी दिसायचं, आणि पंच चुकला तर हलगी थांबायची. त्या पंचाला महजरासारखी साक्ष होती. आता प्रेक्षक दूर खुर्च्यांवर, कॅमेरा जवळ, आणि तो कुणी बघायचा याची परवानगी टेबलावर. मधल्यामध्ये काहीतरी सुटलंय.

आता ती गोष्ट.

१९७९ चा डिसेंबर. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नवा अधिव्याख्याता होतो. आंतरमहाविद्यालयीन सामना आमच्याकडे. क्रीडाशिक्षक तापानं फणफणलेले. मी नागपूरला शिकताना कामठीच्या पोरांबरोबर थोडंफार खेळलो होतो, तेवढ्यावर प्राचार्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली. घरच्याच कॉलेजचा प्राध्यापक पंच! कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिनिंगमागचं मैदान, फक्कीच्या रेषा, सागाच्या बल्ल्यांचे गोलपोस्ट, जाळी नाही.

संपायला पाचेक मिनिटं होती, सामना बरोबरीत. सूर्य कलला होता आणि थेट माझ्या डोळ्यांवर. आमच्या पोरानं फटका मारला. त्या क्षणी मी गोलाकडे बघत नव्हतो. डाव्या बाजूला दोघं एकमेकांचा शर्ट ओढत होते, त्यांच्याकडे बघत होतो. 'ठक्क' असा बल्लीचा आवाज आला आणि आमचं सगळं कॉलेज 'गोल' म्हणून ओरडलं. मी वळलो तर चेंडू गोलकीपरच्या हातात. मी शिट्टी वाजवली. गोल.

तो गोलकीपर, अठरा-एकोणीसचा, काळा, उंच, माझ्याकडे चालत आला. "सर, बॉल आत नोता गेला." मी म्हणालो, "पंचाचा निर्णय अंतिम असतो." आदल्याच आठवड्यात वर्गात तर्कदोष शिकवताना मी सांगितलं होतं की केवळ अधिकाराचा हवाला देणं हे प्रमाण नव्हे. तो काही बोलला नाही. चेंडू माझ्या पायाशी ठेवून गेला. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. ती पोरं ट्रकमध्ये बसून, ऊस खात, आपल्या गावी परत गेली.

'मी पाहिलं नाही' हे मी कुणालाच सांगितलं नाही. प्राचार्यांनी पाठ थोपटली तेव्हाही नाही.

बत्तीस वर्षांनी यवतमाळच्या बसस्टँडवर एक गृहस्थ पुढे आले. केस पिकलेले, हातात बियाण्याची पिशवी. "ओळखलं का सर?" नव्हतं ओळखलं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं आणि मी पुढचं वाक्य स्वतःच बोललो. "तो बॉल आत नव्हता."

ते हसले. "आत नोता हे तं मी तवाच सांगतलं. पण मले राग त्याचा नोता, सर. बॉलचं काय, कधी आत, कधी बाहेर. तुमी तवा पायतच नोते. अन् तरी शिट्टी वाजवली."

मी विचारलं, "तुला कसं कळलं, मी पाहत नव्हतो?"

"बॉल हातात आला का गोलकीपर आधी पंचाकडंच पायते, सर."

त्यांची दारव्ह्याची गाडी लागली होती. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

वेळ संपत आली, कार्यकर्ते घड्याळ दाखवताहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या रांगेत ते मघापासून हात वर करून बसले आहेत, त्यांना आधी माईक द्या.